टाचणीखालची चिठ्ठी

वर्ना स्टकी शाळेच्या स्वयंपाकघरात एकवीस वर्षं राबली, पण आमच्या अ‍ॅरिझोनातल्या गावात तिची ओळख पतंगांमुळे. दिव्यावर झेपावणारे, नखाएवढे, हिरवेगार. सिंक्लोरा म्हणतात त्यांना. त्यांची अळी भारी नटवी. ज्या फुलावर बसते त्याच्याच पाकळ्यांचे तुकडे अंगाला चिकटवून हिंडते, आणि कोषही त्यातच विणते. वर्ना अंगणात अळ्या पाळायची, मी शेजारीण म्हणून तिची बडबड ऐकायची.

एका वर्षी तिच्याकडे असा एक पतंग निघाला, जो आमच्या भागात कुणी पाहिलाच नव्हता. पंखांवर तांबडी रेघ. बाई हरखून गेली. आमच्या पतंग मंडळाचा अध्यक्ष ऑरिन पिकरेल फोटो काढतो म्हणून पतंग आणि त्याचा कोष ठेवलेली डबी घेऊन गेला तो गेलाच. महिन्याभरात मंडळाच्या पत्रकात तो पतंग छापून आला. पतंग टाचणीवर टोचून ठेवतात, खाली तो कुणाला, कुठे मिळाला याची चिठ्ठी. तिच्यावर नाव ऑरिनचं, ठिकाण डोंगरातलं.

मी म्हटलं, चल, त्याच्या दारात जाऊन वाभाडे काढू. वर्ना म्हणाली, त्याला अजून फुगू दे. मेली वर्षभर गप्प बसली. जळफळाट माझाच झाला.

वार्षिक सभेत ऑरिन पेटी उघडून मिरवत होता. वर्नानं गोड आवाजात विचारलं, अळी कशावर मिळाली? रानफुलांवर, तो म्हणाला. जवळपास घरं, बागा? नऊ मैलांत काही नाही, गडी छाती काढून सांगतो.

"मग भिंग घ्या आणि त्याचा कोष बघा," वर्ना म्हणाली. "आपल्या रीतीप्रमाणे ऑरिननं तो टाचणीलाच ठेवलाय. अळीनं झेंडू पांघरलाय. माझ्या कुंडीतला."

भिंग हातोहात फिरलं. आपसात मिटवू, ऑरिन म्हणाला. तिनं पेन पुढं केलं, आणि सगळ्यांदेखत त्याला वर्नाच्या नावाची नवी चिठ्ठी लिहावी लागली. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

पण आम्हा पतंगवाल्यांत एक चिठ्ठी खोटी निघाली, की त्या माणसाची दुसरी कुठलीच कुणी खरी धरत नाही. ऑरिननं चाळीस वर्षांत जमवलेले चार हजार पतंग संग्रहालयात जायचे होते. संग्रहालयानं पेट्या तशाच परत पाठवल्या. म्हातारा घराबाहेर पडेनासा झाला. मलासुद्धा त्याची कीव आली. हे असं होणार, तुला ठाऊक होतं का, असं मी वर्नाला विचारलं.

"होतं की," ती म्हणाली. "त्यानं माझा एक नेला. मी त्याचे सगळे नेले."