वरणातले पाच थेंब

बायकोला तो वास पहिल्यांदा आला, तेव्हा ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. "गोडसर आहे," ती म्हणाली. "नेलपॉलिशसारखा." मी गॅलरीत जाऊन दोनदा खोल श्वास घेतला. मला काही जाणवलं नाही. आम्ही राहतो त्या आमलीत आमच्या इमारतीच्या मागेच कारखाने आहेत, वारा फिरला की कसला ना कसला वास येतोच. मी स्वतः प्लास्टिकच्या कारखान्यात देखभालीचं काम बघतो. येत असेल, म्हटलं आणि डबा घेऊन कामावर गेलो.

पंधरा दिवसांत तिनं खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या. शेजारच्या दोन घरी जाऊन विचारून आली. कुणालाच वास येत नव्हता. नाशिकला असताना ती कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती, त्यामुळे आपल्या नाकावर तिचा पूर्ण विश्वास. "मला शिकवू नका," ती म्हणायची. झोप जवळपास गेलीच होती. तीन महिन्यांपूर्वी तिची धाकटी बहीण वारली होती. पण हे दोन्ही मी एकत्र ठेवून पाहिलं नाही. मला दिसत होत्या फक्त त्या पट्ट्या आणि ओल्या फडक्यानं नाक झाकून स्वयंपाक करणारी बाई. मला तिची भीती वाटायला लागली. सत्तावीस वर्षं जिच्याशेजारी बसून जेवलो, तिच्याकडे पाठ करून बसायचं मी टाळू लागलो.

डॉक्टरकडे जायला ती तयार नव्हती. "नाक माझं ठीक आहे. डॉक्टर कशाला?" शेवटी मी एकटाच एका खासगी मानसोपचार दवाखान्यात गेलो. बाकांवर जागा नव्हती, माणसं जिन्यापर्यंत उभी होती. डॉक्टर थकलेले दिसत होते. मी सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं, दोन-तीन प्रश्न विचारले आणि एका आजाराचं नाव घेतलं. मी त्यांना ते कागदावर लिहून द्यायला सांगितलं. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील.

"ती यायला तयार नाही," मी म्हणालो.

"दाल में डाल दीजिए," औषधाची छोटी बाटली पुढे सरकवत ते म्हणाले. "पाँच बूँद. न रंग, न स्वाद. उनको पता भी नहीं चलेगा."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला हवं. नाव मिळालं होतं आणि बाटली मिळाली होती. आमच्याच कारखान्यातल्या एका ऑपरेटरचा भाऊ अशाच औषधांनी पुन्हा कामावर यायला लागला होता. औषधं खोटी असतात असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्या दिवसापासून मी जेवण वाढायला लागलो. जन्मात न केलेलं काम. ती म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हणालो, "दमतेस तू." तिच्या वाटीत थेंब टाकताना लक्ष दाराकडे असायचं, पाच पडले की सहा, हे कळायचं नाही.

आठवड्याभरात ती शांत झाली. मला वाटलं, लागू पडतंय. मग लक्षात आलं की चेहराच हलत नाही. हसली तरी गाल तिथेच. चालताना पावलं आखूड पडायची. बसली की पाय हलत राहायचा, उठली की या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. पुण्याला नोकरी करणारी आमची मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आईचा आवाज असा का येतोय? तोंडात काही धरून बोलल्यासारखा." मी म्हटलं, झोप नाही ना तिला.

आणि मग एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. खूप सावकाश, शब्द जुळवत बोलली.

"माझ्या जेवणात काहीतरी येतंय. कोण टाकतंय माहीत नाही. पण टाकतंय."

"कोण टाकणार?" मी म्हणालो. "घरात आपण दोघंच."

"तेच तर," ती म्हणाली.

मी डॉक्टरांना फोन केला. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, हा संशय आजाराचाच भाग आहे, ऐसा होता है, सात बूँद कर दीजिए. पण डॉक्टर, तिचं म्हणणं खरं आहे, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. त्या दुपारी एक खरी गोष्ट वेडाचं लक्षण म्हणून नोंदली गेली आणि ती नोंदवणारा मी होतो. तरीही मी सात थेंब टाकले.

तिनं माझ्या हातचं खाणं बंद केलं. केळी खायची, स्वतः सोलून. उकडलेली अंडी खायची, कवच स्वतः फोडून. कसं निवडते आहे ते मला दिसत होतं. आत कुणाला काही घालता येणार नाही, तेवढंच ती खात होती. डोकं फिरलेल्या माणसाला हे सुचेल का, असं मनात आलं आणि तिच्याबद्दलची भीती एकदम माझ्यावरच उलटली. तरी पाण्याची बाटली अजून माझ्या आवाक्यात होती. ती मी वापरली. दोन दिवस.

रविवारी सकाळी तिची मान एका बाजूला वळली आणि तिथेच अडकली. जबडा आवळला, जीभ बाहेर येऊ लागली. डोळे वर चढत होते, पण ती पूर्ण शुद्धीत होती. मी रिक्षा करून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी मान चाचपली आणि थेट विचारलं, "कोणतं औषध चालू आहे?"

बायकोनं हातानंच नाही म्हणून खूण केली. तिच्या समजुतीप्रमाणे ते खरं होतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "काहीतरी चालू असणार. नीट आठवा."

ती माझ्याकडेच पाहत होती. मान वळवता येत नव्हती, म्हणून डोळ्यांच्या कोपऱ्यातून. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी खिशातून थेंबांची बाटली काढून टेबलावर ठेवली. कामावर जाताना घरात राहू नये, म्हणून ती कायम माझ्या खिशातच असायची.

त्या थेंबांचा परिणाम उतरवणाऱ्या इंजेक्शननंतर थोड्याच वेळात तिची मान सुटली. ती भिंतीला टेकून बसली. जबड्यावर हात ठेवून तिनं विचारलं, "किती दिवस?"

"तेवीस."

ती ओरडली नाही. रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "मला वाटलं, मी खरंच वेडी झाले."

दुसऱ्या दिवशी मुलगी येऊन तिला पुण्याला घेऊन गेली. जाताना ती माझ्याशी बोलली नाही. रिकाम्या घरात मी ती वाटी पुन्हापुन्हा घासायचो.

पुण्यात ती दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली, स्वतःहून, एकटी. त्या वयस्कर बाई होत्या. नंतर त्यांनी मलाही बोलावलं. पहिल्या भेटीत त्यांनी तिला तासभर बोलू दिलं होतं आणि त्यातला बराच वेळ बहिणीबद्दल गेला होता. मला त्या म्हणाल्या, "वास खरा होता की नाही, मला माहीत नाही. दुःख, न झोपणं, पाळी थांबायचं वय, सगळं एकदम आलंय. नाव द्यायची मला घाई नाही. औषध लागलं तर देईन, पण त्यांना सांगून." झोपेची एक साधी गोळी तिनं स्वतः मागून घेतली. हळूहळू कमी करत पुढे ती बंद झाली.

चार महिन्यांनी ती परत आली. वास कधीतरी अजूनही येतो म्हणते, खिडकी लावून घेते, पण पट्ट्या नाहीत. पहिल्या दिवशी तिनं दोन ताटं वाढली आणि म्हणाली, "आधी तुम्ही खा." मी खाल्लं. कितीतरी दिवस तसंच चाललं. मी कधी कारण विचारलं नाही.

मग एका सकाळी ती म्हणाली, "तुम्ही थेंब आणलेत त्या दवाखान्यात माझ्या नावाची फाइल असेल. मला बघायची आहे."

आम्ही दोघं गेलो. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, पेशंट कोण. "मी," बायको म्हणाली. त्या दारात ती पहिल्यांदाच उभी होती, पण फाइलवर तिचं नाव होतं. डॉक्टरांनी आम्हाला आत घेतलं. तिला पाहून ते मनापासून हसले. "देखिए, कितना फ़र्क़ पड़ा दवा से."

"दवा तो पाँच-छह महीने पहले ही बंद हो गई," ती शांतपणे म्हणाली. "और आपने मुझे देखा ही नहीं था. आज पहली बार देख रहे हैं."

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी फाइल ओढली आणि त्यात एक ओळ लिहिली. मी त्या पेनाकडे पाहत होतो. ती चिडली असती तर काय लिहिलं असतं, हे मला ठाऊक होतं. ती चिडली नव्हती. तरी ते लिहीत होते.

"क्या लिखा?" तिनं विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला आणि फाइल आमच्याकडे फिरवली. घाईतलं, तिला न लागणारं इंग्रजी अक्षर होतं. मी वाचून तिला मराठीत सांगितलं: रुग्णाला आपल्या आजाराची जाणीव नाही.

तिनं त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला, धन्यवाद म्हणाली आणि उठली. खाली रस्त्यावर आल्यावर मी तिला विचारलं, भीती वाटली का.

"वाटली ना," ती म्हणाली. "माझ्या बोलण्यापेक्षा तुमच्या बोलण्याला वजन आहे. ते अजूनही तसंच आहे."

रिक्षा आली. ती आधी बसली आणि माझ्यासाठी सरकली.