"इस्माईल गेला", एवढंच ऐकू आलं

साठच्या दशकातली गोष्ट. पनवेलमधलं आमचं घर, चैत्रातली टळटळीत दुपार, आणि फोनजवळ मी एकटी... आज ऐंशी ओलांडली तरी त्या दुपारचा धक्का अंगातून गेलेला नाही.

माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी भयंकर लाजरी. सासरच्या माणसांशी बोलताना आवाज ओठांच्या आतच राहायचा. आणि नेमका सासऱ्यांच्या, म्हणजे मामंजींच्या, भातगिरणीच्या धंद्यासाठी घरात फोन आला. आमच्या आळीतला पहिलाच.

पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मी रिसीव्हर उचलला, पलीकडचं "हॅलो, हॅलो" ऐकलं... आणि काही न बोलता खाली ठेवून दिला. पुढच्या वेळीही तेच.

मामंजी रागावले नाहीत. माझ्या हातात एक पेला देऊन म्हणाले, "सुमन, हा फोन समज. मी ओटीवर बसतो, तू माजघरातून बोल. मला ऐकू आलं पाहिजे."

मग रोज संध्याकाळी आमची शिकवणी सुरू झाली. कोण बोलतंय, कुठून बोलतंय ते विचारायचं. आलेला निरोप मोठ्याने परत म्हणायचा. कळलं नाही तर पुन्हा विचारायचं, गप्प बसायचं नाही... सासूबाई पदराआड हसायच्या आणि मी घामाघूम व्हायचे.

त्या दुपारी मामंजी गिरणीवर होते, सासूबाई बाजारात. शेजारच्या फातिमाखाला ओटीवर त्यांची वाट बघत बसल्या होत्या. नवरा लवकर गेलेला, आणि एकुलता एक मुलगा इस्माईल मुंबईला गोदीत कामाला.

फोन वाजला. मुंबईचा ट्रंककॉल. लाईनवर नुसती खरखर...

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"इस्माईलच्या खोलीवरचा सोबती. तुमच्या शेजारी त्याची आई राहते ना? तिला निरोप द्या..." पुन्हा खरखर, आणि मग एकदम स्पष्ट ऐकू आलं, "इस्माईल गेला!"

शिकवल्याप्रमाणे मी मोठ्याने म्हणाले, "इस्माईल गेला?"

म्हटलं आणि मग कळलं, मी काय बोलून बसले ते... मान वळवली तर खाला दारात उभ्या.

"काय झाला माज्या पोराला? सूनबाय, काय झाला?"

कानात तो माणूस बोलतच होता, "हो, सकाळीच गेला. काल काही नव्हतं हो. एकाएकी बोलावणं आलं आणि..." पुढचं खरखरीत बुडालं.

खाला भिंतीला टेकत खाली बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. तोंड उघडं, पण आवाज नाही. माणूस असा बसलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्यानंतरही नाही.

रिसीव्हर टाकून त्यांना धरावं असं वाटत होतं. पण तोंडून आपोआप प्रश्न निघाला, "कशाने गेला?"

"काय?"

"कशाने गेला इस्माईल?"

"बोटीने!"

माझ्या डोळ्यांपुढे बुडालेली बोटच आली. तेवढ्यात एक्सचेंजची बाई मध्ये बोलली, "टाइम झाला, लाईन काढते."

आणि मी ओरडले. जिचा आवाज स्वयंपाकघराबाहेर जात नव्हता ती मी... "काढू नका हो लाईन! तो जिवंत आहे की नाही, तेवढं सांगा मला!"

तो माणूस भडकलाच. "अहो बाई, काय अभद्र बोलताय! नोकरी लागली त्याला बोटीवर. बोट लगेच सुटणार होती म्हणून तसाच गेला. पुढच्या वर्षी येईल, असं सांगा आईला!"

लाईन तुटली.

मी खालांपुढे बसकण मारली. "जिवंत आहे, खाला. बोटीवर नोकरी लागलीय. जिवंत आहे." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मना न भेटता गेला?" आणि तेव्हा कुठे रडू फुटलं त्यांना... मलाही.

मामंजी कधी येऊन उंबऱ्यात उभे राहिले होते कोण जाणे. माझं ओरडणं त्यांनी ऐकलं होतं. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते आत गेले आणि आम्हा दोघींसाठी स्वतः पाणी घेऊन आले. सासऱ्यांनी सुनेला पाणी आणून द्यायचे ते दिवस नव्हते...

दुसऱ्या दिवशी सकाळीच खाला हजर. "सूनबाय, मना पन शिकव बोलायला. माज्या पोराचा निरोप आता मीच घेनार." आणि मी, जिला स्वतःला बोलता येत नव्हतं, त्यांना शिकवू लागले.

पुढच्या वर्षी बोट मुंबईला लागली आणि इस्माईलचा फोन आला. मी खालांना हाक मारली. त्यांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला, आणि पाठ केलेलं सगळं विसरून एवढंच विचारलं, "पोरा, तू हायस?"

मी शेजारीच उभी होते. पलीकडून आलेलं उत्तर मलाही स्वच्छ ऐकू आलं... "हाय अम्मा, हाय."

नात परवा म्हणाली, ऑफिसचे कॉल घ्यायला भीती वाटते, तोंडून शब्दच फुटत नाही. म्हणून आज हे सगळं लिहिलं. मामंजी, तुमच्यासमोर कधी मान वर करून बोलले नाही, पण तुमचे उपकार आज इथे सगळ्यांसमोर, मोठ्याने मानते.