आक्काची गिनी कोंबड्यांची अंडी

दाजींना साप चावला तो पिरनवाडीतल्या घरामागं, जळण काढताना. मी तेव्हा आक्काकडं राहून बेळगावात नोकरी करत होतो. दाजींना मोटरसायकलवर मधे बसवलं, मागून शेजाऱ्यानं धरलं आणि मी त्यांना आधी विष उतरवणाऱ्या एका माणसाकडं नेलं. तो जवळ होता, चार लोकही तेच सांगत होते. तिथं तासभर गेला. दवाखान्यात पोचलो तेव्हा दाजींना पापण्या उचलवत नव्हत्या. दिवस मावळायच्या आत ते गेले. आक्का त्यावरून मला एक शब्दही बोलली नाही.

वर्षभर ती परसात गेली नाही. मग कॅम्पातल्या तिच्या मैत्रिणीनं, एका फौजीच्या बायकोनं, सांगितलं की गिनी कोंबड्या साप दिसला की कालवा करतात. तिनंच पंधरा अंडी दिली. अंडी उबवायला खुडूक कोंबडी कुठं मिळेना, म्हणून खडेबाजारातनं दोन बल्ब, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट आणून मी थर्माकोलच्या खोक्यात उबवणीची पेटी केली. ओल राहावी म्हणून आत पाण्याची वाटी ठेवली.

आक्का दिवसातनं तीनदा अंडी फिरवायची. दहाव्या दिवशी मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघितली, तर अकरा अंड्यांत लाल शिरा दिसल्या. "हालतंय बघ रं," म्हणत तिनं मला अंघोळीतनं बाहेर बोलावलं.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी अंड्यांना टोचे पडले, आतनं चिवचिव ऐकू यायला लागली. आक्काला वारसाच्या कागदासाठी तहसीलदार ऑफिसला जायचं होतं.

"झाकण उघडू नगंस," ती दारातनं म्हणाली. "ओल गेली की पिल्लू आतच चिकटतंय म्हणं."

दुपारपर्यंत दोन पिल्लं बाहेर आली. एका अंड्यातनं नुसती चोच दिसत होती, ती हलेना. मी झाकण काढलं. चिमट्यानं कवच सोलायला गेलो तर रक्त आलं. ते ठेवून दुसरं घेतलं. थोड्या वेळानं परत उघडलं. आक्का आली तोवर कवचाखालचा पापुद्रा कागदासारखा वाळून पिल्लांना घट्ट बसला होता.

"कितींदा उघडलंस?"

"दोनदा."

"खरं सांग."

"चार-पाचदा."

ती भिंतीला टेकून खाली बसली. आवाज चढवला नाही. "तुला थांबवतच न्हाय. त्या दिवशीबी मी म्हणत होते, दवाखान्यात चल. तू तिकडंच नेलंस त्यास्नी."

ती तसं म्हणाली होती. मी ऐकलंही होतं.

नऊ पिल्लं कवचातच मेली. बाहेर आलेल्यांपैकी एक दुसऱ्या दिवशी गेलं. उरलेलं एकटं दिवसभर ओरडायचं. चौथ्या दिवशी तेही पाण्याच्या ताटलीत पडून मेलेलं सापडलं. आक्कानं ते स्वतः पुरलं, मला खोरं धरू दिलं नाही.

महिन्याभरानं मी शहरात खोली घेतली. तिनं जा म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही.

पुढं एकदा तिचा फोन आला. मैत्रिणीकडनं परत अंडी आणून तिनं एकटीनंच लावली होती. "नऊ निघाली," ती म्हणाली.

"बघायला येऊ?"

पलीकडनं पिल्लांचा आवाज येत होता.

"कामं असतील की तुला," म्हणून तिनं फोन ठेवला.