स्टेजवरची कुडाची भिंत

सत्यवतीबायचं नाव आधी लिहिते. मी देवगडाकडची. आठवीत शाळा सुटली. कामासाठी गोव्यात डिचोलीला आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. कॉलेजात झाडू मारणाऱ्या या शिरगावच्या बाईनं मला स्वतःच्या घरी जागा दिली, कॅन्टीनमध्ये कामाला लावलं. तिचं नाव घेतल्याशिवाय पुढचं लिहायला धीर होत नाही.

"तिका खाली उतरय रे. शेणाचो वास मारता."

भर स्टेजवर, माईकच्या बाजूला, माझ्याकडे बोट करून वेदांत हे बोलला. नाटकाचा दिग्दर्शक, शेवटच्या वर्षाचा. मागे भिंत उभी होती. ती मी केलेली.

नाटक गरिबाच्या घराचं. पोरांनी थर्माकोलचं घर केलं होतं, बड्डेच्या केकासारखं. मी चहा द्यायला गेले आणि तोंडातून निघालं, "कुडाची भिंत अशी नसता." वेदांत हसला. "मग तू कर, मावशी."

मी एकोणीस वर्षांची. तरी मावशी. तरी मला आनंद झाला. कॅन्टीनचं आवरून चार दिवस बसले. कारवीच्या काठ्या बांधल्या, तांबडी माती आणि शेण मळलं, तळहातानं लिंपलं. आई लिंपते तसे पंजाचे अर्धगोल, एकाला एक लागून. पोरांचे कपही मीच विसळत होते. कॉलेजच्या पोरांनी आपल्याला विचारलं, एवढ्यावरच मी हुरळले होते.

स्पर्धेत नेपथ्याला पहिलं बक्षीस. परीक्षकांनी भिंतीवर बोट ठेवून विचारलं, "हे पंजे कुणाचे?"

"माझे, सर. गावात राहून शिकलो," वेदांत म्हणाला.

मी विंगेत. गप्प. काम जाईल, एवढंच डोक्यात. सत्यवतीबाय केर भरत होती. ती उठली, थेट उजेडात गेली. "खोटं सांगता तो. हात या चेडवाचे." मला ओढून पुढे उभं केलं. तेव्हा तो वासाचं बोलला. सभागृह हसलं. परीक्षकांनी मान खाली घालून बक्षिसाचा कप त्याच्याच हातात दिला.

सुकलेल्या शेणाला वास येत नाही. लिंपलं असतं तर त्याला माहीत असतं. हे मला तिथंच सुचलं. 

सोमवारी सफाईच्या कंत्राटदारानं सत्यवतीबायला काढलं. पाहुण्यांसमोर उद्धटपणा केला म्हणे. घरी ती एवढंच म्हणाली, "तुका तोंड आसा मगो? मग उलय. बोल."

पुढच्या फेरीआधी टेम्पोत भिंत तडकली. वेदांत कॅन्टीनमध्ये आला. "मावशे, जरा लिंपून दी गो. आजच तयार जाय."

सगळी टेबलं भरलेली. मी ट्रे खाली ठेवला. म्हटलं, "पंजे तुझे ना? मग तूच लिंप. शेण गोठ्यात मिळतं."

या वेळी कुणी हसलं नाही. मालकानं तिथंच सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

आता रोज सकाळी मी प्रिन्सिपलच्या दारात जाते. आठवीच्या अक्षरात अर्ज लिहिलाय. भिंत माझी, सत्यवतीबाय खरं बोलली, तिला कामावर घ्या. खाली पूर्ण नाव घातलंय. तीनदा शिपायानं परत पाठवलं. चौथ्यांदा जाईन, चाळिसाव्यांदा जाईन. भीती वाटते. ती घेऊनच जाईन.

बाय, मी गप्प राहिले त्याचं तू भोगलंस. ज्या स्टेजवर तुला खोटं पाडलं, त्याच स्टेजवर एक दिवस तुझं खरं मी करून दाखवीन.