कूलर पाहुण्याकडे

"पाहा साहेब, कशी मोत्यासारखी अक्षरं पडून राह्यली," गोपालशेठ म्हणाले. बोलले माझ्याशी, पण बघत होते शोभाताईकडे. "तुम्ही आले का मशीन सीधी. तुमची पाठ फिरली का हिच्या हातात बिघडते. मंग दोष कोणाचा?"

सेलूजवळच्या त्यांच्या डाळ मिलमधली ही तक्रारीवरची माझी तिसरी खेप होती. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी नागपूर ऑफिसचा सर्व्हिस इंजिनीअर, वर्धा जिल्हा माझ्याकडे. आमचा इंकजेट प्रिंटर कागदावरचा नव्हे. तूरडाळीचं पाकीट पट्ट्यावरून पळत असताना त्याच्यावर तारीख, बॅच आणि किंमत छापतो, तो. शोभाताई ती मशीन चालवायची. आधी दहा वर्षं हातानं पाकिटं भरायची. मशीन आठ दिवसांत शिकली.

या प्रिंटरमध्ये बारीक भोकातून शाईची धार निघते. विजेनं तिला थरथरवलं की तिचे एका मापाचे थेंब होतात. थेंब नेमक्या जागी तुटला तरच तो पाकिटावर नेमक्या जागी पडतो. जरा पुढे-मागे तुटला की आठाचा तीन झालाच म्हणून समजा. आता शाई तापली की पातळ होते आणि गार झाली की दाट, आणि दोन्ही वेळा थेंब तुटायची जागा सरकते. आजच्या मशिनी हे आपलं आपण सांभाळतात. तेव्हा थरथरीचं व्होल्टेज आम्ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन लावायचो आणि स्वतःला फार मोठे समजायचो.

मशीन थंडीत बसवली, होळीला ऊन वाढलं तसं व्होल्टेज तापलेल्या शाईला लावून दिलं. तोवर तक्रार नाही. एप्रिल लागला आणि तारखा वाचता येईनात. व्यापारी माल परत पाठवू लागले. तक्रारीवर मी पहिल्यांदा आलो, शेठनी चहा-पोहे दिले, मी अर्ध्या तासानं मशीन पाहिली तर छपाई स्वच्छ. शोभाताई तेव्हाच म्हणाली होती, "साहेब, हवा लागली का बिघडते ते."

मी हसलो. "हवा लागायला मशीन काय बाळंतीण आहे का?"

शेठही हसले. मी रिपोर्टवर लिहिलं, 'ऑपरेटरला ट्रेनिंगची गरज.' दुसऱ्या खेपेला पुन्हा पोहे आणि पुन्हा स्वच्छ छपाई. नागपूरला मॅनेजरना फोन लावला.

"ऑपरेटर एरर लिही आणि निघ," ते म्हणाले.

"सर, पण माल परत येतोय."

"दोनदा चेक केलंस ना? मग ऑपरेटरच."

या गृहस्थांनी डाळ फक्त वरणात पाहिली होती. पण मी तरी कुठला शहाणा? लिहिलं 'ऑपरेटर एरर' आणि खाली झोकदार सही ठोकली.

आता तिसरी खेप. शेठ म्हणाले, "आणखी एक डाव लिहून द्या साहेब. उद्यापासून भाच्याले बसवतो मशीनवर. हिले सुट्टी."

शोभाताईचा चेहरा उतरला. "साहेब, पोरगी बारावीले हाये माही," ती म्हणाली. "मी चुकली असंन तर लिहा. पण सही करायच्या पहिले एक काम करा. कूलर रोज जिथं राह्यते तिथं ठेवून पाहा."

"रोज कुठे असतो?"

उत्तर शेठनी दिलं, तेही मोठ्या अभिमानानं. "मशीनकडे. इतकी महागाची वस्तू, तापली नाई पाहिजे. पण पाहुणा आला तं पहिले पाहुण्याकडे फिरवा लागते का नाई? आपली रीतच हाये ते."

पोह्यांचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला. समोर भला मोठा लोखंडी कूलर ओल्या वाळ्याची गार हवा माझ्या अंगावर फेकत होता.

मी उठून तो मशीनकडे फिरवला. बाहेर वर्ध्याचं ऊन, आतला पत्रा तापलेला आणि शाई सोडणाऱ्या हेडवर ही ओली, गार हवा. पंधरा मिनिटांत आठाचं पोट फुटलं. वीस मिनिटांत तारीख वाकडी. शाई गार पडून दाट झाली होती आणि व्होल्टेज मात्र मी तापलेल्या शाईवर लावून ठेवलं होतं. कूलर परत माझ्याकडे वळवला. अर्ध्या तासात, म्हणजे पोहे-चहा संपायला लागतो तेवढ्याच वेळात, अक्षरं सरळ.

तीन खेपा मी मशीनचा आजार स्वतःच्या अंगावर घेऊन बसलो होतो आणि वर सांगत होतो, मशीनला काही झालेलं नाही. लाज वाटली. खरंच वाटली.

"म्हणजे कूलरची चुकी," शेठ म्हणाले. जणू कूलर आपल्या पायानं चालत तिथं गेला होता. शोभाताईला एक शब्द नाही. भाचा मात्र दुसऱ्या दिवशी आला तसा परत गेला.

मी जुन्या दोन्ही रिपोर्टवरची ओळ खोडली आणि लिहिलं, 'चूक इंजिनीअरची. ऑपरेटरनं पहिल्याच दिवशी कारण सांगितलं होतं.' मॅनेजर चिडले. असं लिहिल्यानं कंपनीची इमेज जाते म्हणे. एका बाईची नोकरी जात होती तेव्हा इमेज कुठे चरायला गेली होती, हे मी विचारलं नाही. मलाही नोकरी करायची होती.

तेव्हापासून कुठेही गेलो की आधी मशीनवर बसणाऱ्या माणसाला विचारतो आणि मग पाहुणचार घेतो. सेलूला पुढच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा शेठनी सवयीनं हाक मारली, "अरे, साहेबाकडे कूलर फिरवा."

शोभाताईनं मशीनवरून मानही वर केली नाही. "राहू द्या जी," ती म्हणाली. "साहेबाले घाम येऊ द्या. घाम आला का डोकं चालते त्याइचं."