आंबीच्या माळावरचा वळणारा बॉम्ब

लढाई चालू असताना हवापालटाला लोणावळ्याला जावं, असं माझ्यासारख्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या मनात येणं शक्यच नव्हतं. मला नेलं एका मराठी कॅप्टनने. पुण्यातल्या माझ्या दुकानात तो रेडिओ घेऊन यायचा. एक दिवस म्हणाला, "मिस्त्री, विमानातून टाकलेला बॉम्ब जमिनीवरून वळवायचाय. आमचा वायरलेसवाला तापाने पडलाय. दोन दिवस चला."

बायको म्हणाली, "तुम्हाला सायकल नीट वळवता येत नाही."

तरी गेलो. जागा हवी असेल तर सकाळची पहिली गाडी धरा. नंतरच्या गाड्या पलटणींनी भरलेल्या असतात. लोणावळा स्टेशनबाहेरचा चहा बरा, भजी टाळा. कॅप्टनच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बॉम्ब ठेवला होता. लाकडी पंख, शेपटीला वळणारं पातं, पोटात दारूऐवजी वाळू. थंडीने बोटं बधिर झाली होती. तशातच मी शेपटीच्या तारा डाग देऊन जोडल्या, आणि मघाची भजी आठवत झोपलो.

दुसऱ्या दिवशी लष्करी ट्रकने तळेगाव, तिथून वराळ्यावरून आंबी. वराळ्यापर्यंत रस्ता आहे, पुढे रस्ता असल्याचा समज आहे. माळावर चुन्याचं मोठं वर्तुळ आखलं होतं. बरंच पलीकडे एका घरापुढच्या खळ्यावर एक मावशी भात पाखडत होत्या. शिपायाने त्यांना लांब जायला सांगितलं, तर म्हणाल्या, "बॉम तितं पडनार न्हवं? मग मी हितंच बरी."

विमान आलं, बॉम्ब सुटला आणि वर्तुळाच्या जरा उजवीकडे निघाला. कॅप्टनने वायरलेसच्या पेटीवरचा दांडा डावीकडे ओढला. बॉम्ब आणखी उजवीकडे, थेट खळ्याकडे वळला. त्याने दांडा आणखी डावीकडे दाबला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तारा उलट्या लागल्या होत्या.

"साहेब, दांडा उजवीकडे घ्या."

"अहो, तो उजवीकडेच चाललाय!"

समजावत बसायला वेळ नव्हता. मी सरकारी कॅप्टनला ढकललं आणि दांडा उजवीकडे लोटला. बॉम्ब कलला, कुरकुरल्यासारखा वळला आणि खळ्याच्या अलीकडे नाक खुपसून फुटला.

मी धावत गेलो. मावशी हातात सूप घेऊन उभ्या होत्या.

"लागलं का कुठं?"

"न्हाई. पर समद्या भातात वाळू झाली. कुनी केलं ह्ये?"

"मीच. तारा उलट्या जोडल्या."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "आन् खरा आसता तर?"

दुपारपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून भातातली वाळू चाळली. त्यांनी भाकरी आणि चटणी दिली; सबंध प्रवासातलं तेवढंच धड जेवण. कॅप्टनलाही मी चूक सांगितली. तो खूश होता. "वळला ना, मिस्त्री? मी वर तेवढंच कळवणार."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती हसली नाही. दुकानात काम करताना मधेच मावशींचा प्रश्न आठवायचा आणि हातातलं काम तसंच राहायचं.

आठ दिवसांनी कॅप्टन दुकानात आला. दुसरा बॉम्ब तयार होता, पोटात वाळूऐवजी दारू भरलेला. मी येणार नाही म्हणालो.

"घाबरलात का?"

"हो," मी म्हणालो. "या वेळी तारा बरोबर लागतील."