सिमोनबाईंचं चर्च

लेकीकडे फ्रान्समधल्या एका खेड्यात राहायला गेले होते. एका सकाळी शेजारच्या म्हाताऱ्या सिमोनबाईंबरोबर आम्ही दोघी चौकात गेलो आणि मी जागीच थिजले. गावातलं कितीतरी पिढ्यांचं दगडी चर्च यंत्र लावून पाडत होते.

"अगं, देवाचं घर असं पाडतात?" मी लेकीला विचारलं.

"छत कधीही कोसळेल म्हणतात, आई. दुरुस्ती गावाला झेपत नाही. आणि प्रार्थनेला आता येतंच कोण?"

आपल्याकडे शेंदूर फासलेला एखादा दगड हलवायचा म्हटलं तरी गाव धावून येतं. इथंही गाव जमलं होतं, पण कुणी ओरडत नव्हतं, कुणी आडवं येत नव्हतं. खिशात हात घालून सगळे नुसते बघत उभे होते. मला यंत्राच्या आवाजापेक्षा त्या शांततेनंच धडकी भरली.

समोरची भिंत पडली आणि आतलं निळं छत उघडं पडलं. त्यावर सोनेरी तारे रंगवलेले होते. बाळाला कुशीत घेऊन आलेल्यांनी, शवपेटीमागून आलेल्यांनी मान वर करून हेच तारे पाहिले असतील. बघता बघता तेही खाली आले.

सिमोनबाई काहीतरी पुटपुटल्या.

"त्यांचं लग्न इथंच झालं," लेक म्हणाली. "नवऱ्याला निरोपही इथूनच दिला."

धुळीचा लोट अंगावर आला. बाईंचा काळा कोट पांढराफटक झाला. न राहवून मी तो झटकायला गेले, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. काय म्हणाल्या, ते लेकीला विचारावं लागलं नाही. तो कोट तसाच अंगावर घेऊन त्या घरी गेल्या.